ग्वाल्हेरचा तह आणि क्यूबाची घटना

१९०० साली चीनमध्ये परकीयांविरुद्ध बॉक्सरांचे बंड पेटले, पेकिंगमधल्या वकिलातींना वेढा पडला आणि आठ राष्ट्रांच्या फौजा तिकडे निघाल्या. ब्रिटिशांच्या बाजूने गेलेल्या फौजेत हिंदी शिपायांचा भरणा मोठा होता. जखमींसाठी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी स्वखर्चाने एक इस्पितळ-जहाज सज्ज करून दिले आणि त्याचे नाव ‘ग्वाल्हेर’ ठेवले. जेमतेम चोविशीतले महाराज स्वतः ब्रिटिश फौजेचे सेनापती जनरल गॅसली यांचे ऑर्डर्ली अधिकारी म्हणून चीनला गेले. त्याच मोहिमेत जनरल चॅफी यांच्या हाताखाली अमेरिकन पलटणी होत्या. त्यांतल्या सर्वांत आधी पोचलेल्या पलटणी अमेरिकेच्या किनाऱ्यावरून आल्या नव्हत्या. त्या आल्या होत्या फिलिपाइन्समधल्या मनिलाहून.

मनिलात अमेरिकन सैन्य काय करत होते? ग्वाल्हेरच्या शाळेत नववी ते बारावीच्या मुलांना अमेरिकेचा समुद्रापारचा विस्तार शिकवायचा असेल, तर मी याच प्रश्नापासून सुरुवात करीन. अकरावीच्या एनसीईआरटीच्या जागतिक इतिहासात उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना कसे हुसकावले याचे चांगले प्रकरण आहे. पण त्यानंतरचा हवाई आणि फिलिपाइन्सचा भाग तिथे दोन-तीन वाक्यांत उरकला आहे. मुले ती वाक्ये पाठ करतात आणि पुढे जातात. मुलांच्या मनात साम्राज्य म्हणजे इंग्रज, आणि अमेरिका म्हणजे इंग्रजांना हाकलून स्वतंत्र झालेला देश. ही समजूत आजची नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८९ साली त्यांनी त्या देशाची लोकस्थिती सांगणारे मराठी पुस्तक लिहिले. राजाशिवाय चालणारा देश कसा असतो हे त्यातून मराठी वाचकांना कळले. त्या दोघांनी अमेरिकेत जे पाहिले ते खोटे नव्हते. पण रमाबाईंच्या पुस्तकाला दहा वर्षे पुरी होण्याआधीच त्या प्रजासत्ताकाच्या ताब्यात वसाहती आल्या होत्या.

हे घडले कसे, ते आधी थोडक्यात सांगायला हवे. १८९० च्या जनगणनेनंतर अमेरिकन सरकारनेच मान्य केले की पश्चिमेकडे वस्ती सरकवत नेण्याची सीमारेषा आता उरलेली नाही. त्याच वर्षी आल्फ्रेड महान या नौदल अधिकाऱ्याचे समुद्रसत्तेवरचे पुस्तक निघाले. मोठा व्यापार हवा तर मोठे आरमार हवे, आणि वाफेवर चालणाऱ्या आरमाराला वाटेत कोळसा भरायला ठाणी हवीत, असा त्याचा विचार होता. १८९३ साली मोठी मंदी आली, कारखान्यांचा माल पडून राहिला आणि नव्या बाजारपेठांची भाषा सुरू झाली. त्याच वर्षी जानेवारीत हवाईमधल्या ऊसमळ्यांच्या गोऱ्या मालकांनी राणी लिलिउओकलानीला पदच्युत केले. बंदरातल्या अमेरिकन युद्धनौकेवरून सैनिक किनाऱ्यावर उतरले होते, त्यांचा धाक पुरेसा ठरला. अध्यक्ष क्लीव्हलँड यांना हे पटले नाही आणि त्यांनी विलीनीकरणाचा करार मागे घेतला. पाच वर्षांनी, जुलै १८९८ मध्ये, हवाई अमेरिकेत सामील केले गेलेच.

१८९८ हे या गोष्टीतले मुख्य साल. क्यूबा स्पेनविरुद्ध लढत होता. फेब्रुवारीत हवाना बंदरात ‘मेन’ ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली आणि तिच्यावरची अडीचशेहून अधिक माणसे मेली. वर्तमानपत्रांनी आग भडकवली. एप्रिलमध्ये स्पेनने तहकुबीची तयारी दाखवली होती, तरी युद्ध झाले. १ मे रोजी अमेरिकेच्या आरमाराने मनिलाच्या खाडीत स्पेनचा तांडा बुडवला. १२ जूनला एमिलिओ आगिनाल्दो यांनी फिलिपाइन्सचे स्वातंत्र्य जाहीर केले. पण १० डिसेंबरला पॅरिसमध्ये जो तह झाला त्यात फिलिपिनो माणसाला जागा नव्हती. पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेकडे गेले, आणि फिलिपाइन्स दोन कोटी डॉलर देऊन स्पेनकडून घेतले गेले.

४ फेब्रुवारी १८९९ ला मनिलाजवळ अमेरिकन आणि फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला. दोनच दिवसांनी सिनेटने पॅरिसचा तह ५७ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केला, म्हणजे लागणाऱ्या दोनतृतीयांशापेक्षा एकच मत जास्त. पुढच्या तीन वर्षांत ४,२०० च्या आसपास अमेरिकन सैनिक आणि २०,००० हून अधिक फिलिपिनो लढवय्ये मेले. लढाई, उपासमार आणि पटकी यांत मेलेल्या नागरिकांची संख्या किमान दोन लाख मानली जाते. चॅफींच्या पलटणी पेकिंगला गेल्या त्या या युद्धातून.

सिनेटने पॅरिसचा तह मंजूर केला त्याच महिन्यात रडयार्ड किपलिंगची ‘व्हाइट मॅन्स बर्डन’ ही कविता छापून आली. गोऱ्यांनी इतरांवर राज्य करणे हे कर्तव्य म्हणून अंगावर घ्यावे, असे ती अमेरिकेला फिलिपाइन्सच्या निमित्ताने सांगते. अमेरिकेला ही दीक्षा देणारा कवी जन्मला मुंबईत, १८६५ साली. त्याचे वडील सर ज. जी. कलाशाळेत शिकवत होते. हिंदुस्थानात इंग्रजांनी जे केले त्याचा धडा अमेरिकेने घ्यावा, असे त्या काळी खुद्द अमेरिकेतही मोठ्याने बोलले जात होते. तेव्हा आपल्या मुलांनी त्या धड्याचे मूळ आपल्याच गावात शोधले, तर त्यात ओढूनताणून काही नाही.

आणि ते मूळ ग्वाल्हेरमध्ये सापडते. ते दिसण्यासाठी आधी क्यूबाकडे वळू. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती क्यूबाची गोष्ट, कारण तिथे अमेरिकेने मुलूख खालसा केलाच नाही. युद्धाच्या तोंडावर अमेरिकन काँग्रेसने ठराव केला होता की क्यूबा आपण बळकावणार नाही. वचन अक्षरशः पाळले गेले. पण १९०१ साली अमेरिकेने क्यूबाच्या घटना समितीपुढे काही कलमे ठेवली, ज्यांना सिनेटर प्लॅट यांच्या नावावरून प्लॅट दुरुस्ती म्हणतात. क्यूबाने आपले स्वातंत्र्य कमी होईल असा करार कोणत्याही परक्या सत्तेशी करायचा नाही. झेपणार नाही इतके कर्ज काढायचे नाही. क्यूबाचे स्वातंत्र्य आणि सुव्यवस्था राखण्यासाठी अमेरिकेला हस्तक्षेप करता येईल. कोळसा आणि आरमारासाठी जागा द्याव्या लागतील. हे मान्य केल्याशिवाय अमेरिकन सैन्य बेट सोडणार नव्हते. जून १९०१ मध्ये क्यूबाच्या समितीने १६ विरुद्ध ११ मतांनी मान तुकवली. २० मे १९०२ ला क्यूबाचे निशाण चढले, आणि १९०६ साली अमेरिकन फौज परत उतरली.

आता १८४३ चे ग्वाल्हेर पाहू. फेब्रुवारीत जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई स्वतः अजून बारा-तेरा वर्षांची पोर. तिने दत्तक घेतलेला जयाजीराव आठ-नऊ वर्षांचा. कारभार कोणी पाहायचा यावरून दरबारात दोन तट पडले. गव्हर्नर जनरल एलनबरो यांचा पाठिंबा मामासाहेब कदमांना होता. त्यांना बाजूला सारून दादा खासगीवाले पुढे आले. एलनबरो यांनी खासगीवाल्यांना आपल्या हवाली करा, अशी मागणी केली. ती मान्य झाली. तरीही कंपनीचे सैन्य चंबळ उतरून आले.

कारण मागणी हे निमित्त होते. रणजितसिंहांच्या मृत्यूनंतर पंजाबात शिखांची मोठी फौज मोकळी होती आणि ग्वाल्हेरकडेही तोफखान्यासह कवायती सैन्य होते. दोन्ही एकत्र येतील ही भीती कलकत्त्याला होती. आधारासाठी १८०४ चा बऱ्हाणपूरचा तह बाहेर काढला गेला: महाराजांच्या सत्तेचे रक्षण करणे कंपनीवर बंधनकारक आहे, म्हणून आम्ही आलो. अल्पवयीन राजाच्या मदतीसाठी त्याच्याच सैन्याशी लढाई झाली. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार इथे दोन रणे माजली. महाराजपूरला मराठी तोफांनी इंग्रज सेनापती गफ यांच्या फौजेचे सुमारे आठशे जण ठार-जखमी केले. शिंद्यांचे नुकसान त्याहून कितीतरी मोठे. जिंकलेल्या तोफांच्या धातूपासून इंग्रजांनी आपल्या शिपायांना ‘ग्वाल्हेर स्टार’ नावाची पदके दिली, आणि कलकत्त्यात हुगळीच्या काठी ग्वाल्हेरचे स्मारक उभारले. ते अजून तिथे आहे.

जानेवारी १८४४ मध्ये तह झाला. ग्वाल्हेर खालसा झाले नाही. जयाजीराव महाराज राहिले, निशाण राहिले, दरबार राहिला. पण शिंद्यांचे सैन्य ९,००० वर आणले गेले आणि त्यांत पायदळ ३,००० हून जास्त नको असे ठरले. उलट इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची कंटिन्जंट फौज वाढवली गेली, आणि तिच्या खर्चासाठी वर्षाला १८ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख शिंद्यांनी लावून द्यायचा होता. महाराज सज्ञान होईपर्यंत कारभार मंडळाने पाहायचा, आणि मंडळाने रेसिडेंटच्या सल्ल्याने वागायचे.

हे दोन दस्तऐवज शेजारी ठेवून वाचायला द्यावेत. हिंदी संस्थानांशी झालेले तह एचिसन यांनी जमवलेल्या तहसंग्रहात छापलेले आहेत, आणि प्लॅटची कलमे एका पानात मावतात. शिक्षकाने आधी काही सांगू नये. प्रत्येक कलमापुढे तीनच प्रश्न लिहून घ्यावेत: हे कोणी मागितले, याचा खर्च कोण देतो, आणि नाही म्हटले तर काय होईल? पंधरा वर्षांच्या मुलालाही मग दिसते की ग्वाल्हेरचा रेसिडेंट आणि क्यूबातला अमेरिकन राजदूत यांच्या कामात साम्य आहे, आणि कंटिन्जंटचे १८ लाख आणि आरमारी तळाची जागा एकाच जातीच्या अटी आहेत. देश जिंकून नकाशावर रंग बदलणे हा साम्राज्याचा एक मार्ग. राजा, निशाण आणि घटना जागेवर ठेवून सैन्य, परराष्ट्रसंबंध आणि तिजोरी आपल्या मुठीत घेणे हा दुसरा, आणि तो स्वस्त पडतो. पाठ्यपुस्तकातल्या नकाशावर हा दुसरा मार्ग दिसत नाही, कारण तिथे क्यूबा स्वतंत्र दाखवलेला असतो आणि ग्वाल्हेर संस्थान म्हणून वेगळ्या रंगात.

कंटिन्जंटचे पुढे काय झाले हे मुलांना माहीत असते, फक्त जोडलेले नसते. १४ जून १८५७ ला ती फौज इंग्रजांवर उलटली. १ जून १८५८ ला तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरात शिरले, जयाजीराव आग्र्याला निघून गेले, आणि त्याच महिन्याच्या मध्यावर राणी कोटा की सराय इथे लढताना पडली. फुलबागेतल्या समाधीवर मुले सहलीला जातात. एकाच गावात राणीची समाधी आहे आणि इंग्रजांशी एकनिष्ठ राहिलेल्या महाराजांचा राजवाडाही आहे. दोन्हींकडे मराठी माणसेच होती.

इथे मला आपल्या मराठी घरांशी थोडे परखडपणे बोलायचे आहे. लष्कर, शिंदे की छावणी, दौलतगंज इथली आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिली, कारण शिंद्यांनी हा मुलूख जिंकला. १७८० साली कंपनीच्या फौजेतल्या पॉपहॅमने रात्री शिड्या लावून किल्ला घेतला आणि तो गोहदच्या जाट राण्याकडे सोपवला. १७८२ च्या तहावर सह्या झाल्या त्या ग्वाल्हेरजवळच्याच सालबाई गावी. महादजींनी इंग्रज आणि पेशवे यांच्यात मध्यस्थी केली, आणि पुढच्याच वर्षी किल्ला परत घेतला. १८०५ च्या तहाने इंग्रजांनी ग्वाल्हेरबरोबर गोहदही दौलतराव शिंद्यांना देऊन टाकले. गोहदच्या राण्याला मोबदल्यात धौलपूर मिळाले. गोहदच्या रयतेला कोणी विचारले नाही. पॅरिसमध्ये फिलिपाइन्सचे जे झाले तेच गोहदचे झाले, आणि त्या व्यवहारात घेणारे आम्ही होतो. वर्गात भिंडकडची जाट किंवा गुर्जर मुले बसलेली असतात. त्यांच्यासमोर ग्वाल्हेरचा इतिहास फक्त इंग्रजांनी आमच्यावर केलेल्या अन्यायाचा इतिहास म्हणून सांगणे खोटे ठरेल. महादजींचे मोठेपण मी कमी लेखत नाही. पण ज्याला आपल्या पूर्वजांचा विस्तार हा विस्तार म्हणून पाहता येत नाही, त्याला अमेरिकेचाही नीट दिसणार नाही. त्याला तिथे फक्त शिव्या द्यायला एक परका मिळेल.

फिलिपाइन्सच्या गोष्टीतही सरळ दोन बाजू नाहीत. मार्च १९०१ मध्ये आगिनाल्दोंना पकडले ते अमेरिकनांच्या बाजूने लढणाऱ्या माकाबेबे गावच्या फिलिपिनो शिपायांच्या मदतीने. त्या गावाला आगिनाल्दोंच्या टागालोग सत्तेविषयी जुना राग होता. गोहदचा राणा किल्ल्यासाठी पॉपहॅमबरोबर का गेला हे समजलेल्या मुलाला माकाबेबे समजायला अवघड जात नाही.

आणि अमेरिकेतली दुसरी बाजू वर्गात आलीच पाहिजे. जून १८९८ मध्ये, म्हणजे युद्ध चालू असतानाच, बोस्टनमध्ये साम्राज्यविरोधी संघटना उभी राहिली. लेखक मार्क ट्वेन आणि पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी तिच्यात होते. त्यांचा मुख्य मुद्दा साधा होता: शासितांच्या संमतीशिवाय राज्य करता येत नाही असे सांगून हा देश जन्मला, मग मनिलात संमती कोणाची घेतली? काही जणांचा विरोध मात्र उदात्त नव्हता. वेगळ्या वंशाची माणसे आपल्या देशात नकोत म्हणून त्यांना वसाहती नको होत्या. तेही मुलांना सांगायला हवे. सिनेटमध्ये एका मताने झालेला निर्णय दाखवला की मुलांना कळते, हे सारे अटळ नव्हते.

कंपनी आणि अमेरिका एकच, असे मात्र शिकवू नये. फरक मोठे आहेत. कंपनी व्यापारी संस्था होती आणि तिला आपल्याच घोषणापत्राला उत्तर द्यायचे नव्हते. अमेरिकेला द्यायचे होते, म्हणून प्रश्न न्यायालयात गेला. १९०१ पासूनच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की पोर्तो रिकोसारखा मुलूख अमेरिकेचा असला तरी घटनेचे सगळे हक्क तिथे आपोआप लागू होत नाहीत. पोर्तो रिकोच्या लोकांना १९१७ साली नागरिकत्व मिळाले. तरी तिथे राहणाऱ्या माणसाला आजही अमेरिकेच्या अध्यक्षपदाला मत देता येत नाही. हवाई १९५९ साली घटक राज्य झाले. फिलिपाइन्स ४ जुलै १९४६ ला स्वतंत्र झाले, आपल्या आधी वर्षभर. शिक्षणाचा भाग मात्र आपल्याला ओळखीचा वाटेल: ऑगस्ट १९०१ मध्ये ‘थॉमस’ नावाच्या जहाजाने सुमारे पाचशे अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले, आणि फिलिपाइन्समध्ये इंग्रजी शाळा सुरू झाल्या. शाळेने काय दिले आणि काय घेतले हा वाद तिथे अजून चालतो, जसा आपल्याकडे मेकॉलेवरून चालतो.

वर्ग संपवताना दोन जागांची गोष्ट मी ठेवीन. १८५८ नंतर इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आपल्या ताब्यात ठेवला, महाराज एकनिष्ठ असूनही. १८६१ साली त्यांनी राणी लक्ष्मीबाईंची झाशी शिंद्यांना दिली, आणि १८८६ साली तीच झाशी परत घेऊन किल्ला आणि मुरारची छावणी सोडली. अठ्ठावीस वर्षे किल्ला परक्या हाती होता, आणि सुटला तोही दुसऱ्या शहराच्या मोबदल्यात.

दुसरी जागा क्यूबातली ग्वांतानामो. १९०३ साली प्लॅट दुरुस्तीच्या आधाराने ती अमेरिकन आरमाराने भाड्याने घेतली. १९३४ साली प्लॅटची कलमे रद्द झाली, पण नव्या करारात एक अट राहिली: दोन्ही सरकारे राजी झाली तरच, किंवा अमेरिकेने जागा स्वतःहून सोडली तरच भाडेपट्टा संपेल. अमेरिका दर वर्षी सुमारे चार हजार डॉलरचा धनादेश पाठवते. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबाने एकदाच तो वटवला. त्यानंतर क्यूबा भाडे स्वीकारत नाही, आणि तळ तिथेच आहे. हा भाडेपट्टा १८४४ च्या तहाशेजारी ठेवून मुलांना आधीचेच तीन प्रश्न पुन्हा विचारावेत, आणि या वेळी त्यांची उत्तरे शिक्षकाने ऐकून घ्यावीत.